नवी गिटार जुनी दिसावी म्हणून: कुठे घासायचं, किती घासायचं, कुठे हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. देसाईगंजजवळच्या गावात दिवाळीनंतर झाडीपट्टीचं नाटक उभं राहतंय. नायक गावोगाव फिरणारा गायक आहे, पण त्याच्या हातातली अकूस्टिक गिटार सहा हजारांची, कोरी आणि आरशासारखी चकचकीत. ती तीस वर्षं वापरलेली दिसायला हवी आणि हंगाम संपल्यावर वाजवताही यायला हवी. एका काठावर ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून पाहिला, तर लाकूड जुनं दिसायच्या ऐवजी पांढरट चट्टा पडला. आता पुढे काय करायचं?

तो पांढरा चट्टा लाकडाचा नाही, लाकडावरच्या प्लास्टिकसारख्या थराचा आहे. या किमतीच्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. ८० नंबरने त्याला खोल चरे पडतात, चऱ्यांवर उजेड विखुरतो आणि जागा पांढरी दिसते. अजून काही बिघडलेलं नाही. चट्ट्यावर आधी २४०, मग ४००, ८०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर कोरडाच फिरवा, पांढरेपणा जाईल. मधला एकही नंबर गाळू नका. ८० चे चरे थेट ८०० ने निघत नाहीत, फक्त गुळगुळीत होऊन तिथेच राहतात आणि वर मळ लावला की काळ्या रेघा होऊन उठतात.

पुढचं काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे थर कशाचा आहे. एका खुंटीचा, म्हणजे ट्यूनिंग कीचा, स्क्रू काढून तिच्याखाली झाकलेल्या जागी कापसाच्या काडीने स्पिरिट लावा आणि दहा सेकंद धरा. चिकट झालं तर चपडी लाखेचं पॉलिश. नाही झालं तर तिथेच एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, थिनर लावून बघा. थिनरने चिकट झालं तर एनसी लॅकर, दोन्हींनी काहीच झालं नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. थिनर किंवा ॲसिटोन गिटारच्या कडेच्या पांढऱ्या-काळ्या बाइंडिंगला अजिबात लागू देऊ नका. ती प्लास्टिकची असते, विरघळते, आणि विरघळलेली बाइंडिंग पुन्हा सरळ होत नाही. याच कारणासाठी रंग काढायचा पेंट रिमूव्हर या कामात आणायचाच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची. साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या गोल भोकाच्या, काठाकडे उजेडात नीट पाहा. वरची रेषा फळीच्या जाडीतून सरळ खाली जात असेल तर अखंड. तीन थर दिसत असतील, मधल्या थराचा कल वेगळा असेल, तर प्लाय. सहा हजारात बहुधा प्लायच मिळते आणि नाटकाच्या कामाला तीच बरी, कारण ती सहज तडकत नाही. पण प्लायचा वरचा पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तो घासून गेला की खालचा आडव्या रेषांचा थर दिसतो, आणि तशी झीज कुठल्याही जुन्या गिटारवर नसते. अखंड फळी असली तरी ती साधारण अडीच-तीन मिलिमीटरचीच असते आणि तारांचा सगळा ताण तिच्यावर येतो. म्हणून या कामाचा मूळ नियम एकच: झीज थरात दाखवायची, लाकडात नाही.

पॉलिश पेपरपेक्षा महत्त्वाचा आहे झिजेचा नकाशा. गिटार वाटेल तिथे झिजत नाही, वाजवणाऱ्याचं अंग जिथे लागतं तिथेच झिजते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याची गिटार समोर धरली की पाच जागा ठरलेल्या असतात. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग टेकतो ती वरच्या बाजूची मोठी कड. साउंडहोलच्या खालची जागा, जिथे पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, तारा सोडून फळीला लागतो. मागच्या बाजूला पोटाजवळ, पट्ट्याच्या बकलाची जागा. नेकचा, म्हणजे मानेचा, मागचा भाग पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), जिथे अंगठा फिरतो. आणि हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या असलेल्या डोक्याची, टोकं व खालचा बूड, जिथे गिटार भिंतीला टेकते, बंडीत आदळते, जमिनीवर उभी राहते. नट डावखुरा असेल तर हाताच्या आणि पिकच्या खुणा उलट्या बाजूला. ही चूक प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

खऱ्या झिजेचे नमुने पाहायचे असतील तर अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या ‘ट्रिगर’ नावाच्या गिटारचे फोटो शोधा. ती मार्टिन कंपनीची एन-२० आहे, १९६९ मध्ये घेतलेली. नायलॉन तारांच्या त्या गिटारला पिकगार्ड, म्हणजे पिकच्या ओरखड्यांपासून फळी वाचवणारा पातळ पत्रा, नव्हता आणि त्यांनी ती पिकने वाजवली, म्हणून साउंडहोलजवळ आरपार भोक पडलं. आयरिश गायक ग्लेन हॅन्सार्ड यांच्या टाकामिने गिटारवरही तसंच भोक आहे. अशी भोकं नकलेत पाडायची नाहीत. त्या गिटारींना ती पडायला वर्षानुवर्षांचं वादन लागलं, पटाशीने पाडलेलं भोक लगेच ओळखू येतं. पण त्या भोकांच्या भोवतीचे चरे बारकाईने पाहा: ते सरळ नाहीत, मनगटाच्या फिरण्याने झालेल्या छोट्या कमानी आहेत, एकावर एक, पंख्यासारख्या पसरलेल्या.

आता काम. तारा काढा, सगळ्या कीज काढून ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. साउंडहोलवर आतून पुठ्ठा लावा, फ्रेटबोर्डवर (बोटं दाबतात ती मानेवरची पट्टी) आणि ब्रिजवर (तारा जिथे फळीला अडकतात तो ठोकळा) मास्किंग टेप. ब्रिज काढायचा नाही. काम काही दिवस चालणार, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी आतली सळई, पाव फेरा सैल केला तर बरं.

सगळ्यात आधी चमक मारायची. रंगमंचाच्या दिव्यात नवी गिटार तिच्या आरशासारख्या उजेडानेच उघडी पडते, त्यामुळे एवढ्यानेच अर्धं काम होतं. ०००० नंबरची स्टील वूल घ्या, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने. गोल गोल फिरवलं की दिव्याखाली भोवरे दिसतात. भांडी घासायची हिरवी घासणी वापरू नका, तिचे चरे खोल जातात. पाणी वापरायचा मोह टाळा: ब्रिजच्या पिनांच्या भोकांतून, कीजच्या भोकांतून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं आणि भोकाभोवतीचा थर उचलतो. स्टील वूलचा चुरा लोहचुंबकाने गोळा करा, नाहीतर ओलाव्यात त्याचे तांबूस ठिपके पडतात. मग सुती फडक्याने हात लागतो त्या जागा कोरड्याच जोरात पुसा, तिथे मऊ चमक येईल. ब्रिजच्या मागचे कोपरे निस्तेज राहू द्या. वापरातल्या वस्तूला हाताची चमक असते आणि हात न लागलेल्या कोपऱ्यात धूळ बसते. सगळीकडे सारखी मंद केलेली गिटार जुनी वाटत नाही, मॅट फिनिशची नवी गिटार वाटते.

यानंतर हाताच्या जागेचा थर उतरवायचा. पॉलिएस्टर थिनरने निघत नाही, खरडावंच लागतं. हीट गन नको. उष्णतेने थर निघतो हे खरं, पण साठ-सत्तर अंशांनंतर फळीचा आणि तिला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांचा डिंक मऊ पडू लागतो आणि ब्रिज उचलतो. सुतार काचेच्या तुकड्याने खरडतात ती पद्धत इथे चांगली चालते. काच हाताळायची सवय नसेल तर कटरचं नवं पातं घ्या, दोन्ही टोकांना टेप गुंडाळून मध्ये दोन सेंटिमीटरच उघडं ठेवा. टोक उघडं राहिलं की ते फळीत रुततं. पातं जवळजवळ उभं धरून रेषेच्या दिशेने स्वतःकडे ओढा. नाकावर मास्क बांधा, पॉलिएस्टरचा भुगा फुप्फुसात जाऊ देण्यासारखा नाही.

सुरुवातीला पांढरा भुगा निघेल. तो पिवळसर, लाकडाच्या रंगाचा दिसू लागला की थांबा. खात्रीसाठी स्पिरिटचा बोळा फिरवा: उघडं लाकूड गडद होतं, उरलेला थर चमकत राहतो. आकार चंद्रकोरीचा हवा, लांबी बारा ते पंधरा सेंटिमीटर, मध्ये रुंदी तीनेक सेंटिमीटर, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो फळीवरून कडेवर उतरून बाजूच्या फळीवरही थोडा गेला पाहिजे. हात कडेला लागतो तेव्हा कडेची दोन्ही अंगं झिजतात. फक्त वरची बाजू खरडली की डाग वाटतो, झीज वाटत नाही.

इथेच बहुतेकांचं काम फसतं. कारखान्यातला थर जाड असल्याने खरडलेल्या जागेच्या काठाला पायरी राहते. पातळ लॅकर झिजतं तेव्हा पायरी नसते, उतार असतो. म्हणून काठापासून पाच ते आठ मिलिमीटर बाहेरपर्यंत २४० ने उतार करा, मग ४००, ८००, १५००. बोट फिरवल्यावर काठ जाणवता कामा नये. एका जागेला दीड-दोन तास सहज जातात. घाई केली तर इथेच दिसते.

साउंडहोलखालच्या जागेला थर पूर्ण काढायची गरज नाही. पाच-सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात जुन्या पिकच्या टोकाने आणि बोथट खिळ्याने कमानीसारखे चरे काढा, काही खोल, बरेचसे उथळ, दिशा साउंडहोलकडून खाली. पिकगार्ड लावलेला असेल तर तो काढू नका. चरे आधी त्याच्यावरच पडतील आणि थोडे बाहेर सांडतील. बकलासाठी खरं बकलच घ्या, आठ-दहा सेंटिमीटरच्या गोलात उभं-आडवं ओढा. हेडस्टॉक आणि बुडाच्या कडांना किल्ल्यांचा जुडगा फडक्यात गुंडाळून हलके ठोके द्या. फळीच्या मधोमध ठोका कधीच नको, आतल्या दोन पट्ट्यांमधली फळी आधाराशिवाय असते आणि तिथे सरळ तडा जातो.

उघडं झालेलं स्प्रूस आता अगदी पांढरं दिसेल. जुनं स्प्रूस मधासारखं असतं, उजेड आणि हवेने ते पिवळं पडत जातं. रंगासाठी कोरा चहा पुरतो: १०० मिली पाण्यात दोन चमचे चहापत्ती, दहा मिनिटं उकळून गाळलेली. फडकं जवळजवळ कोरडं पिळून तीन हात द्या, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. करडेपणा हवा असेल तर १०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चिमूटभर स्टील वूल एक-दोन दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घाला आणि चहाच्या हातावर एकदाच पुसा. चहातलं टॅनिन आणि लोह मिळून करडा रंग येतो. चहाशिवाय नुसतं ते पाणी स्प्रूसवर फारसं चढत नाही, कारण स्प्रूसमध्ये टॅनिन कमीच. दोन्ही आधी एखाद्या पांढऱ्या लाकडाच्या फळकुटावर करून बघा. व्हिनेगरचा रंग अर्ध्या तासाने उमटतो, तोवर दुसरा हात देऊ नका. पिकगार्डखालचं लाकूड फिकट राहतं, ते तसंच राहू द्या. खऱ्या जुन्या गिटारचा पिकगार्ड काढला की त्याचीच फिकट सावली दिसते.

एक दिवस वाळल्यावर उघड्या लाकडावर चपडीचा एक पातळ हात द्यायचा. १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडी रात्रभर भिजवून, कापडातून गाळून. पळसावर आणि कुसुमावर येणाऱ्या लाखेचीच ही चपडी, सुतारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते. हा हात गाळला तर पुढचा मळ स्प्रूसच्या मऊ रेषांत कमी-जास्त शोषला जातो आणि काळे धब्बे उठतात, जे घासूनही जात नाहीत. दुसरं कारण आपल्याकडच्या हवेचं. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि हवा सुकी ठणठणीत, घरात कूलर लागला की तीच खोली दमट, बंद झाला की पुन्हा सुकी. उघडं लाकूड हा ओलावा थरातल्या लाकडापेक्षा लवकर घेतं आणि सोडतं. अखंड फळीची गिटार कूलरच्या झोतात ठेवलीत तर तडा जायला एक उन्हाळा पुरतो.

चपडीचं काम पावसाळ्यात करू नका, दमट हवेत ती दुधाळ होते. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. तुमच्या नाटकाच्या हिशोबात तो नेमका बसतो.

मळासाठी २० ग्रॅम मधमाशीचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवा, विस्तवापासून लांब नेऊन ६० मिली टर्पेंटाइन घाला, मग अर्धा चमचा अंबर (umber, तपकिरी मातीची रंगाची पूड) आणि चिमूटभर पिवडी (पिवळ्या मातीची पूड). टर्पेंटाइन चुलीवर किंवा गॅसवर कधीही नाही. हे मेण कडा, चरे, ब्रिजच्या मागे, तारांखालची जागा, फ्रेटच्या बाजूच्या खाचा इथे बोटाने भरा, दहा मिनिटांनी पुसा. उंचवट्यावर पुसलं जातं, खोलगटात राहतं. तारांखाली हात पोचत नाही, म्हणून तिथला मळ मुद्दाम जास्त ठेवा. चुलीची काजळी थेट चोळू नका: ती लाकडात घट्ट बसत नाही, पहिल्याच प्रयोगात नटाच्या पांढऱ्या धोतरावर उतरते. तपकिरी बूटपॉलिश चालतं, पण डबीतलं मेणाचं, बाटलीतलं पातळ नाही.

काही जण मळासाठी जवसाचं तेल वापरतात. रंग छान येतो, पण तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चोळामोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथे हा धोका लहान नाही. फडकी अंगणात एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

नेकच्या मागचं काम हे या सगळ्यातलं एकमेव, जे वाजवणाऱ्याच्या खरंच उपयोगी पडतं. ६०० आणि १००० ने चमक काढा, ०००० ने लांबीच्या दिशेने पुसा. अंगठा चिकटत नाही. लाकूड उघडं पडेपर्यंत जायची गरज नाही. फ्रेटबोर्डवर स्पिरिट लावू नका, स्वस्त गिटारीत तो रंगवून काळा केलेला असतो आणि रंग फडक्यावर येतो.

कीजची चमक घालवायला एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाला व्हिनेगर आणि दोन चमचे मीठ, वर दोऱ्याने टांगलेल्या कीज, रात्रभर. त्याआधी दातेरी चक्रांना व्हॅसलीन फासा, नाहीतर तीच आधी गंजतात आणि सूर टिकत नाही. संडास धुवायचं ॲसिड वापरायचंच असेल तर अंगणात, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून, हातमोजे घालून, डब्यात ठेवलेल्या झाकणभर ॲसिडच्या वाफेवर, आणि दर दहा मिनिटांनी बघून. त्या डब्याजवळ ब्लीचिंग पावडर आणायची नाही, विषारी वायू होतो. जवळ गिटार किंवा हत्यारंही ठेवू नका, वाफेने तीही गंजतात. नंतर लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून कीज धुवा, उन्हात वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या. क्रोमच्या कीज व्हिनेगरला फारशा दाद देत नाहीत, त्यांना ४०० ने ओरखडून मेण फासलेलं पुरतं.

जुन्या महागड्या गिटारींवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात, ते तुमच्या गिटारवर आणायच्या मागे लागू नका. ते नायट्रोसेल्युलोज लॅकरचे असतात. थंडीत लॅकर लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि तडकतं. पॉलिएस्टर तसं तडकत नाही. गिब्सन या गिटार कंपनीने २०२१ मध्ये सुरू केलेल्या मर्फी लॅबमध्ये असे तडे लॅकरवर मुद्दाम आणले जातात, पण त्यासाठी लॅकरच वेगळं असतं. गिटारवर थंड वाफेचा फवारा मारून तडे आणणारे आहेत, इलेक्ट्रिकच्या जाड ठोकळ्यावर ते निभतं, अकूस्टिकच्या पातळ फळीचे सांधे त्यात सुटू शकतात. पंधरा फुटांवरच्या पेंडॉलमधल्या माणसाला ते तडे दिसणारही नाहीत.

आवाजाबद्दल: वरची झीज आवाज जुना करत नाही. लाकूड उष्णतेने मुरवून आवाज बदलायची प्रक्रिया, यामाहाची ए.आर.ई. किंवा मार्टिनची व्ही.टी.एस., ही गिटार बनण्याआधी लाकडावर होते. घरी भट्टीत गिटार ठेवून तसं होत नाही, सांधे सुटतात.

शेवटी जोडणी. कीज क्रमाने बसवा, ट्रस रॉड पुन्हा पाव फेरा घट्ट करा, नव्या तारा लावा. तारा मात्र जुन्या दिसायच्या म्हणून गंजलेल्या लावू नका, त्या रंगमंचावर तुटतात. सूर लावून एक दिवस ठेवा आणि ब्रिजच्या मागच्या काठाखाली कागदाचा तुकडा सरकतो का पाहा. सरकला तर ब्रिज उचलतोय, तारा सैल करा आणि आधी तो चिकटवून घ्या. मग रात्री, नाटकात असतील तेच दिवे लावून, शेवटच्या रांगेतून गिटार पाहा. तिथून झीज दिसत नसेल तर हाताच्या चंद्रकोरीत अंबर थोडं वाढवा, नवी जागा खरडायला घेऊ नका.